उपरण्याखालची दोन बोटं

सामना कुठलाही असो, मास्तर सगळ्यांच्या आधी तासभर ग्राउंडवर यायचे आणि वाकून चालायला लागायचे. खडा दिसला की उचल, बाभळीचा काटा दिसला की उचल, बाटलीचं झाकण दिसलं की उचल. सगळं पँटच्या उजव्या खिशात. या गोलपासून त्या गोलपर्यंत जाऊन परत येईपर्यंत खिसा असा लोंबायचा, की पट्टा नसता तर पँट हातात आली असती. मग कोपऱ्यातल्या बाभळीखाली ते खिसा उलटा करायचे. तिथं त्यांच्या खड्यांचा गुडघ्याएवढा ढीग झाला होता.

जळोचीच्या कडेला जिथं उसाचे फड संपून प्लॉटच्या पाट्या सुरू होतात, तिथं गायरानात आमचं हे ग्राउंड आहे. त्या रस्त्यानं गेला असाल तर तुम्हीही कदाचित त्यांना पाहिलं असेल आणि म्हातारा काय शोधतोय म्हणून मान वळवली असेल.

मास्तर शाळेतले नव्हते. कळंबचे होते. तिथल्या कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला आणि कारखान्याच्या वसाहतीतल्या पोरांबरोबर ते फुटबॉल शिकले. रिटायर झाल्यावर जळोचीत मुलीकडे राहायला आले आणि हितल्या पोरांना जमवून त्यांनी संघ उभा केला. कबड्डीच्या मुलखात फुटबॉल! लोक हसले. मीही हसलो.

माझी त्यांची ओळख मात्र बाजारात झाली. मी जनावरांचा व्यापारी, लोकांच्या तोंडी हेड्या. एका शेळीपासून सुरुवात केली, आज माझ्या दावणीला कायम दहा-बारा जनावरं असतात. शिकलो ते सगळं बाजारात शिकलो. मास्तर जावयाला घेऊन गाय बघायला आले होते. मी किंमत सांगितली. मास्तर म्हणाले, "बरं."

मी बघतच राहिलो. "बरं काय, मास्तर? काही कमी करा म्हणा की!"

"कशाला? तुमी सांगितली ती इचार करूनच सांगितली असंल की."

मला इतका राग आला की काय सांगू. समोरच्यानं घासाघीस केलीच नाही, तर माझ्या धंद्याला अर्थ काय? शेवटी मीच आपल्या तोंडानं किंमत उतरवली, वर दोरखंड फुकट दिला. घरी येऊन बायकोवर ओरडलो. ती म्हणाली, "त्या माणसानं तुमाला न बोलता गंडवलं." नाही हो. गंडवणं त्यांच्या गावीच नव्हतं. त्यांना भाव करता यायचा नाही, एवढंच. ही गोष्ट मला त्या दिवसापासून माहीत होती. लक्षात ठेवा, कारण नेमकी तीच मी पुढं विसरलो.

पोरगा माझा एकवीस वर्षांचा, पायात जोर, डोक्यात जाळ. तो संघात गेला आणि मागोमाग मी कमिटीत गेलो. सामन्याला संघ न्यायचा तो माझ्याच टेंपोतून. टेंपो कितीही धुतला तरी वास जायचा नाही. इंदापूरला उतरलो की समोरच्या संघाची पोरं हंबरायची. आमची पोरं लाजून खाली बघायची. मास्तर म्हणायचे, "हंबरू द्या. बैलच म्हणत्यात की, शेळी तर म्हणत न्हाईत."

आणि त्यांचं दुसरं वाक्य, ते तर सगळ्या जळोचीला पाठ होतं. पहिल्या डावात तीन गोल खाऊन पोरं पाणी प्यायला आली, की मास्तर एकेकाच्या पाठीवर थाप मारायचे. "अजून हाप बाकी हाय." जावयाची मोटर जळाली, "अजून हाप बाकी हाय." शेजारच्या बाईची सून माहेरी निघून गेली, तिलाही तेच. पूर्ण सामना हरून टेंपोत बसलो तरी मास्तर तेच म्हणणार. मी विचारलं, "आता कसली हाप, मास्तर? शिट्टी वाजली की." ते म्हणाले, "घरी जाऊन जेवायचं हाय ना अजून?"

हरायचं तरी किती? एकदा सहा सामने ओळीनं हरलो. सहाव्या सामन्यात तर माझ्या पोराला खेळवलंच नाही. पाचव्यात त्यानं चिडून समोरच्याच्या नडगीवर लाथ घातली होती. मास्तर म्हणाले, "राग उतरला की खेळंल." इंदापूरच्या त्या ग्राउंडवर माझे पाहुणे आले होते, व्यवहारातली माणसं आली होती, आणि पोरगा कडेला पाण्याच्या बाटल्यांजवळ बसलेला. मी सगळ्यांसमोर मास्तरांवर ओरडलो. "टेंपो माझा, पोरगा माझा, आन् त्यालाच बाहेर?"

मास्तर शांतपणे म्हणाले, "शेठ, त्यो तुमच्यावर गेलाय."

आजूबाजूची माणसं हसली. ते हसू अजून माझ्या कानात आहे. आणि आजही माझं म्हणणं तेच आहे, पोराला बसवायला नको होतं.

मी कमिटी बोलावली. मास्तर ठेवायचे का बदलायचे, याचा निकाल लावायचा. ग्राउंडच्या कडेला सतरंजीवर आम्ही पाच जण. गायरानाची ही जागा खेळाला मिळवून देणारे आबा. संघाचे कपडे शिवणारे दस्तगीरभाई. प्लॉटचा धंदा करणारे पोपटराव. मी. आणि स्वतः मास्तर. संघ काढला तेव्हा आबांनी त्यांचंही नाव कमिटीत घातलं होतं.

मी म्हणालो, "मास्तरांचाच इषय हाय, तर मास्तर कशाला?"

"मेंबर हाय की मी," मास्तर म्हणाले आणि मांडी घालून बसले.

हात वर करायला कुणी तयार होईना. मास्तरांच्या जावयाचं घर आबांच्या घराला लागून. दस्तगीरभाईंचं दुकान त्याच आळीत. उद्या कुणाचं तोंड कुणी कसं बघायचं? चिठ्ठ्या टाकाव्यात तर पाच जणांचं अक्षर पाची जण ओळखतात. तेव्हा पोपटराव म्हणाले, "शेठ, तुमच्या उपरण्याखाली हू द्या."

जनावरांचा बाजार तुम्ही पाहिला असेल तर हे तुम्हाला ठाऊक आहे. सौदा तोंडानं होत नाही. दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात, आणि खाली एकानं दुसऱ्याची बोटं धरायची. किती बोटं धरली, तो भाव. कडेला उभ्या असलेल्या शंभर माणसांना कळत नाही. आणि उपरण्याखालचं पुढं कुणाला सांगायचं नाही, हा आमचा कायदा.

ठरलं. एक बोट धरलं तर मास्तर राहू द्या. दोन धरली तर बदला. मी उजवा हात पुढं केला, उपरणं टाकलं.

आबांनी एक बोट धरलं, घट्ट. दस्तगीरभाईंचा हात शिलाईनं खरखरीत, त्यांनीही एकच. पोपटरावांनी दोन धरली आणि झटकन सोडली, चटका बसल्यासारखी. मग मास्तरांचा हात आत आला.

त्यांनी दोन बोटं धरली.

मला वाटलं चुकले. मी बोटं जराशी हलवली, बाजारात असं करतात, नीट बघ म्हणून. त्यांनी पुन्हा दोनच धरली. हलक्या हातानं, गाईच्या कासेला धरावं तशी. तोंडाकडं बघितलं तर ते बाभळीखालच्या खड्यांच्या ढिगाकडं कुठंतरी बघत होते.

दोन विरुद्ध दोन. आता माझं मत.

मी घरातून निघालो तेव्हा बदलायचंच ठरवून निघालो होतो, हे खोटं कशाला सांगू? पण तो हलका हात माझ्या डोक्यात शिरला. तीस वर्षं मी हात वाचतोय. हलका धरला म्हणजे माणसाला सौदा मोडायचा नाही, त्याला आग्रह हवाय. मी म्हटलं, अरेच्चा, म्हातारा भाव करतोय! आता मी बदला म्हणणार, मग हा म्हणणार, अजून हाप बाकी हाय. मग मी ताणणार. शेवटी माझ्या पोराला जागा घेणार आणि याला राहू देणार. सगळा सौदा माझ्या डोळ्यांसमोर पार पडला होता.

मी उपरणं झटकलं आणि म्हणालो, "तीन-दोन. बदलायचा."

मी मास्तरांकडे बघत थांबलो. मास्तर म्हणाले, "बरं."

गाईच्या वेळी म्हणाले होते, तसंच. उठले, पँट झटकली आणि बाभळीखालच्या आपल्या जुन्या मोपेडकडे चालू लागले.

बाजारात सौदा सोडून निघालेलं गिऱ्हाईक दहा पावलांच्या आत मागं बघतं. बघतंच. त्यानं बघितलं की आपण हाक मारायची. मी पावलं मोजली. दहा झाली, पंधरा झाली. त्यांनी मागं बघितलं नाही. त्यांनी मोपेडला किक मारली. सुरू झाली नाही. मी म्हटलं, आता बघतील. दुसरी किक. माझ्या घशात हाक आलेली. पण आधी हाक मारणाऱ्याचा भाव पडतो हो! तिसरी किक मारली, तीही फुकट गेली. मग मास्तरांनी स्टँड काढलं आणि गाडी हातानं ढकलत रस्त्याला लागले. वळणावर एकदा थांबले. माझा जीव वर आला. ते वाकले, रस्त्यातलं काहीतरी उचलून कडेला टाकलं आणि पुढं गेले.

त्या आठवड्यातच ते कळंबला परत गेल्याचं जावयाकडून कळलं.

गावात मग हिशेब सुरू झाला. आबांनी खरं सांगितलं, मी एकच बोट धरलं. दस्तगीरभाईंनीही खरं सांगितलं. पोपटरावांनी चहाच्या टपरीवर शपथ घेऊन सांगितलं, मीबी एकच धरलं. मास्तर स्वतःला काढायला दोन बोटं धरतील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. म्हणजे चार मतं राहू द्या, आणि शेठनं सांगितलं तीन-दोन! झालं. "हेड्यानं मास्तर इकला," असं लोक माझ्या तोंडावर म्हणायला लागले. माझा धंदा विश्वासावर चालतो. बाजारात लोक माझ्या उपरण्याखाली हात घालायला कचरू लागले, आणि मला एक शब्द बोलता येईना, कारण कायदा.

आज तो कायदा मी मोडतोय. ज्याला वाईट दिसायचं त्याला दिसो. पोपटराव हे वाचणार नाहीत, ते सातबाऱ्याशिवाय काही वाचत नाहीत.

नवा कोच पुण्याहून आला. अंगात ट्रॅकसूट, गळ्यात शिट्टी, हातात वही. दोन सामने जिंकलेसुद्धा. पण वाकून चालायचं त्याच्या वहीत नव्हतं. एका सरावाला माझा पोरगा घसरला आणि गुडघा खड्यावर आपटला, टाके पडले. मी धावत गेलो. तो रक्त दाबून धरत म्हणाला, "आण्णा, मास्तर असते तर ह्यो खडा हितं नसता."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेंपो काढला आणि कळंब गाठलं. रस्ताभर मनात भाव ठरवत होतो, कुठून सुरुवात करायची, कुठपर्यंत जायचं. मास्तर घराबाहेर मोपेड उघडी करून बसले होते. हात तेलानं काळे.

"या शेठ. गाय आजारी पडली का काय जावयाची?"

मी शेवटच्या भावालाच हात घातला. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणालो, "मास्तर, चुकलं. परत चला. तुमी म्हनाल त्यो खेळंल, तुमी म्हनाल त्यो बाहेर बसंल. माझा पोरगा आधी बसंल."

"बसा तर खरं," ते म्हणाले आणि आत बघून चहा सांगितला.

"तुमी दोन बोटं का धरली? मला वाटलं, तुमी भाव करताय."

मास्तर हसले, अगदी मनापासून. "मला कुठं येतुय भाव करायला? सहा सामने पोरं हरली. कुणीतरी जायाला पायजे हुतं. तुमी तर पोरं बदला म्हनला असता. त्यांच्यापरीस मी गेलेला बरा. म्हातारा मानूस, कुठंबी खपतो."

"मग हात हलका का धरला?"

"तुमचा हात थरथरत हुता की, शेठ."

चहा आला, तो प्यालो. मी म्हणालो, "अजून हाप बाकी हाय, मास्तर." ते माझ्याकडे बघून नाही नाही करत मान हलवत राहिले. म्हणाले, "पोरांची हाय. माजी झाली. तुमी एक करा, ग्राउंड तेवढं साफ ठिवा."

मी पुन्हा एकदा विचारलं, दारात विचारलं, टेंपोत बसून काच खाली करून विचारलं. माणूस तसूभर हलला नाही. असं गिऱ्हाईक मला परत भेटलेलं नाही.

आता रविवारी सामन्याआधी मी तासभर लवकर जातो. कंबर दुखते, काटे बोचतात. रस्त्यानं जाणारा एखादा ओरडतो, "काय शेठ, म्हैस हरवली का?" त्याला मी योग्य ते उत्तर देतो, ते हितं लिहिण्यासारखं नाही. मग कोपऱ्यात बाभळीखाली जाऊन खिसा उलटा करतो. मास्तरांचे खडे मागच्या पावसात मातीत बसलेत, त्यांच्यावर गवत आलंय. माझे वर आहेत, कोरडे, सुटे. कुठवर त्यांचे आणि कुठून माझे, ते अजून ओळखू येतं.