आधी इनासमामांच्या जिभेवर

इनासमामा दुकानात आले की आधी मला नाही, पोत्यांना भेटायचे. कोंड्यात हात घालायचा, चिमूट जिभेवर ठेवायची, डोळे मिटून चघळायची आणि निकाल द्यायचा, "खवट हाय, बाय. कोंबड्यांना खपव." हे बोलायचे तेव्हा कोंबड्यांचं खाद्य घ्यायला आलेलं गिऱ्हाईक शेजारीच उभं असायचं.

भाईंदर पश्चिमेला माझं पशुखाद्याचं दुकान आहे. मी सकाळी यादी करते आणि संध्याकाळी ती खोडून घरी जाते. मामांना कुठल्या रकान्यात बसवावं, हे मला कधी जमलं नाही. उत्तनला घरामागच्या वाडीत ते डुकरं पाळायचे. एकदा टाय लावलेला एक विक्रेता पिल्लांच्या तयार खाद्याचे गुण गात होता. मामांनी त्या खाद्याची मूठ त्याच्यापुढे धरली. "पयलं तुमी खावा." बिचाऱ्याने खाल्लं.

"कसा हाय?"

"चांगलं आहे," तो ठसकत म्हणाला.

"मग तुमीच न्या घरी. एकदम मऊ हाय. माजे पिल्लांच्या पोटाला काम पायजे."

पोटाला काम म्हणजे चोथा. भाताचा कोंडा, केळीचा खांब, भाजीवाल्याने टाकलेले फ्लॉवरचे देठ. त्यांची राणी नावाची डुकरीण यावर टुणटुणीत होती. पण नुकती आईपासून तोडलेली पिल्लं हे खाऊन जुलाबांनी खंगायची. लागोपाठ दोन वेतं गेली. तेव्हा टेरेझामामींनी जाहीर केलं, "या खेपेला पिल्लांना हगवन लागली, तर डुकरां बंद. तया वाडीत मी मोगरा लावीन." मामांनी गल्लीच्या तोंडावरच्या क्रुसासमोर शब्द दिला आणि तोंड पाडून माझ्याकडे आले. डुकरांशिवाय हा माणूस दिवसभर करणार काय, हा प्रश्न मलाही पडला.

मी सांगितलं, "कोंडा कमी करा, बारीक दळा आणि ही एन्झाइमची पावडर मिसळा. कोवळ्या पोटाला चोथा फुटत नाही. ही पावडर तो फोडायला मदत करते." मामांनी अर्थातच पावडर चाखली. "चवच न्हाय. म्हंजे औषध खरा हाय."

थोड्याच दिवसांत मामींचा फोन आला. "पिल्लां परत पातळ करतान. मोगऱ्याची रोपां कुठं गावतान गो?" आवाजात आनंद लपत नव्हता.

मी उत्तन गाठलं. पाणी स्वच्छ होतं, जागा कोरडी, कोंडा बारीक दळलेला. सगळं मनाजोगं होतं, आणि त्याचाच राग येत होता. तेवढ्यात मामांनी चुलीवर रटरटणाऱ्या पेजेत माझ्या डोळ्यांदेखत पावडर ओतली आणि ढवळायला घेतलं.

"मामा! उकळत्यात?"

"मंग? कच्चा काय बी लेकराचे तोंडान जात न्हाय आमचेकडं. माजी चार पोरां तशीच वाढली."

उष्णतेने एन्झाइम बाद होतं, हे मी समजावू लागले. मामा लांबलेलं प्रवचन ऐकावं तसे आदराने मान हलवत होते आणि ढवळत होते. शेवटी दारातून मामीच कडाडल्या, "अरे मानसा, तळायच्या फुग्यांच्या पिठान खमीर घालते, तवा वर उकळता पानी वतते का मी? जोर मरल ना त्याचा! नाताळचे फुगे फुगतील का मंग?"

मामांचा हात थांबला. मामींनीही जीभ चावली, पण उशीर झाला होता.

"ऐकला काय, बाय?" मामांचा चेहरा उजळला. "मोगरा लावनारीनंच माजी पिल्लां वाचवली!"

त्यानंतर पेज बोट बुडवता येईल इतकी निवली की मगच पावडर पडू लागली. जुलाब थांबले, पिल्लं बाळसं धरू लागली. मामांनी मामींसाठी मोगऱ्याची कुंडी आणली आणि थेट डुकरांच्या कुडाला टांगली. "आता दोनी वास घे," म्हणाले. मामी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. कुंडीला पाणी मात्र रोज घालत होत्या.

गेल्या वर्षी मामा गेले. उत्तनची फेरी आता संपली, असं मी धरून चालले होते. महिन्याभराने मामींचा फोन आला. "राणीची पिल्लां तोडलीत. पावडर घेऊन ये."

"मामी, तुम्ही तर डुकरं बंद करणार होतात ना?"

"तू पावडर आन. वकिली नको."

गेले तेव्हा पेज अंगणात निवत होती. मामींनी बोट बुडवून पाहिलं, पावडर घातली, ढवळली. मी पिशवी आवरतेय असं पाहून हळूच पोत्यातल्या कोंड्याची चिमूट जिभेवर ठेवली. त्यांचा चेहरा असा काही वाकडा झाला, की मला हसू आवरेना.

"यो मानूस ह्या रोज खायचा?" त्या थुंकत म्हणाल्या.

आणि दुसरी चिमूट घेतली.