आत्याचं पाणी

तांब्याची घागर चिंचेनं घासताना आंबट वास सुटतो आणि मला निलंग्याजवळचं आमचं गाव आठवतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. दुष्काळात गावच्या विहिरी आटल्या. पाणी उरलं ते आमच्या बौद्धवाड्यातल्या विहिरीत. ज्यांनी जन्मभर आमच्या ओंजळीत वरूनच पाणी ओतलं, त्यांच्या घागरी आत्यानं उन्हाळाभर शेंदून भरल्या.

पावसाच्या तोंडावर ती गेली. गाव आलं, पण लिंबाखाली लांबच थांबलं.

"लई पुण्यवान बाई. अमर झाली," पाटील म्हणाले.

"मग खांदा द्या की!" मी ओरडलो.

कुणी जागचं हललं नाही. तिचं पाणी चाललं, तिरडी चालली नाही.

आजही कुणी कुणाला अमर म्हटलं, की माझे दात आंबतात.