डावा गाल

अमेरिकेतल्या बॅरी गावच्या ग्रॅनाइटच्या शेडमध्ये एर्मेते बावीस वर्षं एकच काम करत आला होता. कोरणारे कोरून बाजूला होत, आणि मागे राहिलेले टाकीचे घाव तो आधी कुरुंदाच्या पुडीने, मग लोकरीच्या नमद्याने घासून असे मिटवी की दगडात समोरच्याची टोपी दिसावी.

"ह्याच्या हाती डोंगर दिला तर हा त्याचाही आरसा करील," नातालीनो चिडवायचा.

नातालीनो कोरणारा. दोघं एकाच बोटीने इटलीहून आलेले. नातालीनोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी एर्मेतेने हातावर धरलं होतं, तेव्हापासून नातालीनोची बायको ओर्सोला त्याला ‘कॉम्पारे’ म्हणे आणि तो तिला ‘कॉमारे’. त्या लोकांत हे नातं रक्ताच्या नात्याइतकंच मानतात.

दगडाची धूळ छातीत बसून नातालीनो चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. गावातले बरेच कोरणारे करतात तसा तोही आपल्या थडग्याचा दगड स्वतःच कोरत होता. त्यावर ओर्सोलाचा चेहरा होता, एका बाजूने दिसणारा. "दगड तेवढा पुरा कर," दवाखान्यात तो एर्मेतेला म्हणाला. पुढे खोकलाच आला.

एर्मेतेने दगड पुरा केला. केसांवर नातालीनोने बारीक, लांब रेघा ओढल्या होत्या आणि शालीवर बोथट टाकीचे जाड ठोके दिले होते, त्यामुळे केस केसांसारखे वाटत आणि लोकर लोकरीसारखी. गालावर मात्र बारीक बारीक खळगे तसेच राहिले होते. दम पुरला नसेल बिचाऱ्याचा, असं एर्मेतेला वाटलं. तीन दिवस तो गाल घासत होता आणि घासताना रडत होता.

दगड बसवला त्या रविवारी ओर्सोलाने गालावर तळहात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही.

"किती देखणी दिसतेस गं," शेजारीण म्हणाली.

"हो," ओर्सोला म्हणाली. "फारच देखणी केलं त्याने मला."

मार्चमध्ये नातालीनोची जागा रिकामी करताना एर्मेतेने एका कोपऱ्यातलं गोणपाट ओढलं. खाली त्याच चेहऱ्याचा प्लास्टरचा नमुना होता. गालावर खिळ्याच्या टोकाने एकेक खळगा केलेला. कानापाशी एक मोठा, डोळ्याखाली दोन एकमेकांत मिसळलेले.

एर्मेते खाली बसला. ओर्सोलाला लहानपणी देवी आल्या होत्या, त्यांचे व्रण डाव्या गालावर राहिले होते. फोटो काढताना ती नेहमी उजवी बाजू पुढे करायची. नातालीनोने डावी निवडली होती. आणि वीस वर्षं तिच्या घरी जेवून एर्मेतेने सभ्यपणा म्हणून त्या गालाकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

त्यानंतर तो ओर्सोलाकडे रविवारी जेवायला जाईना. दगडाला हात लावला की त्याला तो गाल आठवे. घासायचं काम तो आता इतकं सावकाश करी की मुकादम ओरडला. सातव्या रविवारी त्याने नमुना गोणपाटात गुंडाळला आणि तिच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नेऊन ठेवला.

"आलास का कॉम्पारे? मला वाटलं, तुझ्याही नावाने चर्चमध्ये मेणबत्ती लावायची आता," मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत ती म्हणाली.

त्याने गोणपाट काढलं. "खळगे मी घासले, कॉमारे. मला वाटलं, काम अर्धं राहिलंय."

ओर्सोलाने पळी ठेवली. एक बोट नमुन्यावरच्या खळग्यांतून फिरवलं, मग तेच बोट स्वतःच्या गालावर, कानापाशी नेलं.

"मला वाटलं, जाता जाता त्यालाही हा गाल नकोसा झाला," ती हळू बोलली. "त्या दगडापुढे उभी राहून मी भांडले रे त्याच्याशी. मेलेल्या माणसाशी."

"माझ्याशी भांड."

"भांडणारच आहे. आधी सांग, परत करता येईल?"

"घासलेलं भरून येत नाही. सगळा गाल केसभर खाली घ्यावा लागेल. थोडा बसलेला दिसेल."

"बसलाच आहे," ओर्सोला म्हणाली.

मे महिन्यात बर्फ वितळून जमीन मोकळी झाल्यावर दोघं दफनभूमीत गेले. एर्मेतेने नातालीनोची टाकी आणली होती आणि नमुनाही. ओर्सोलाने नमुना बाजूला सारला, शेजारच्या थडग्याच्या कट्ट्यावर बसून डोक्यावरचा रुमाल मागे सारला आणि डावा गाल उन्हाकडे केला.

"बघ. नीट बघ. तू कधी बघत नाहीस."

तो बघत राहिला. त्याचे कान तापले, पण त्याने नजर काढली नाही. दुपारपर्यंत त्याने गाल खाली घेतला. मग कानापाशी टाकी टेकवली आणि ठोका दिला. पांढरी पूड उडाली, खळगा पडला, त्याची कड बोचरी राहिली. सवयीने एर्मेतेचा अंगठा त्या कडेवरून फिरायला निघाला. त्याने तो मागे घेतला आणि पुढचा खळगा बघायला मान वळवली.