कमी वॅटचा धूर

दारासमोर पांढरा ढग साचला होता. इंजिनिअर हिशाम यांनी हातातलं उपकरण खाली केलं आणि ढगाकडे बोट दाखवलं.

"मुहंदिसा, हा धूर आत जातोय की बाहेर येतोय?"

बाई इंजिनिअरला अरब सहकारी मुहंदिसा म्हणतात. हिशाम इजिप्तचे, क्लायंटचे कन्सल्टंट. आम्ही केलेलं काम तपासून त्यावर सही करायची की नाही, हे ते ठरवत.

"बाहेर येतोय असं दिसतंय," मी म्हणाले.

"आणि तुमच्या रिपोर्टमध्ये?"

"आत."

"तीन खोल्या, तिन्हींचा एकच आकडा. तीन बहिणी, तिघींचा चेहरा सेम." ते माझ्यामागे उभ्या असलेल्या संपतकडे वळले. "हा माणूस व्हॅनच्या एसीत बसून रीडिंग लिहितो."

संपत जगदाळे माझ्या टीममधला टेक्निशियन. साताऱ्याकडचा. आदल्याच वर्षी हेल्परचा टेक्निशियन झाला होता. हिशाम इंग्रजीत बोलत होते, पण कोणाबद्दल बोलत आहेत ते कळायला भाषा लागत नव्हती. त्याने मान खाली घातली नाही, वरही केली नाही.

फुटबॉल वर्ल्डकपच्या आदल्या वर्षातली ही गोष्ट. मदिनत अश शमाल या गावाबाहेर एक खासगी क्लिनिक उभं राहत होतं. कतारमधल्या प्रत्येक बांधकामाप्रमाणे तेही स्पर्धेआधी सुरू व्हायचं होतं. माझं काम कमिशनिंगचं. इमारतीतली हवा ठरल्याप्रमाणे वाहते की नाही, हे मोजून सिद्ध करायचं.

या क्लिनिकमध्ये तीन आयसोलेशन रूम होत्या. संसर्गजन्य आजाराचा पेशंट ठेवायची खोली. तिथे एकच नियम महत्त्वाचा असतो. हवा कॉरिडॉरमधून खोलीत जायला हवी, खोलीतून कॉरिडॉरमध्ये येता कामा नये. त्यासाठी खोलीतून जास्त हवा ओढून घेतात आणि कमी सोडतात. मग खोलीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. हा फरक मीटरवर पास्कलमध्ये मोजतात, कमी म्हणून आकडा उणे. संपतच्या रिपोर्टमध्ये तिन्ही खोल्यांसमोर उणे आठ लिहिलं होतं.

आकड्यावर विश्वास नसेल तर दाराखालच्या फटीशी धूर धरतात. त्यासाठी आमच्याकडे स्मोक पेन होता. हँडलमध्ये बॅटरी आणि छोटा पंप, पुढे व्हेपचा, म्हणजे ई-सिगारेटचा, टँक. टँक म्हणजे द्रवाची छोटी टाकी. तिच्यात तारेची कॉइल असते. ती तापली की द्रवाची वाफ होते आणि पंप ती बाहेर ढकलतो. आमच्या द्रवात निकोटीन नव्हतं, पण दिसायला वस्तू व्हेपच. कतारमध्ये व्हेप आणायला आणि विकायला बंदी आहे. आमचा पेन उपकरण म्हणून परवानगी काढून आणला होता, तरी गेटवरचा गार्ड तो दर वेळी हुंगून बघायचा.

निघताना हिशाम म्हणाले, "परवा मी पुन्हा येतो. धूर असाच वागला तर याचा गेटपास रद्द. तुमच्या कंपनीला मी लेखी कळवणार."

खोटं रीडिंग लिहिल्याचं लेखी आलं की आमच्या कंपनीत चर्चा होत नसे. व्हिसा कंपनीच्या हातात. माणूस घरी जाई.

परतताना हायवेवर मी संपतला विचारलं, "तू मोजलंस?"

"मोजलं की, मॅडम."

"तिन्हींचं एकच कसं आलं?"

"डिझाइनला उणे आठ होतं. आठ येईस्तवर डॅम्पर फिरवत बसलो. मग आठच येणार की."

उत्तर पटण्यासारखं होतं. डॅम्पर म्हणजे हवेच्या पाइपातली झडप. ती फिरवून आकडा हवा तिथे आणता येतो. पण खऱ्या खोल्या इतक्या शहाण्यासारख्या वागत नाहीत. एखादी थोडी इकडे, एखादी थोडी तिकडे असतेच.

"तिन्ही?" मी पुन्हा विचारलं.

"व्हय."



प्रोजेक्ट मॅनेजर देशमुख सरांनी इंडस्ट्रियल एरियातल्या ऑफिसात सगळं ऐकून घेतलं. "अहो, सोपं आहे," ते म्हणाले. "त्याला काढा, दुसऱ्याकडून मोजून घ्या. माणूस बदलला की कन्सल्टंट शांत होतो."

"आकडे खरे असले तर?"

"तर दुसऱ्याचेही तेच येतील. तुमचं काय जातंय?"

मी एक दिवस मागितला. संपतवर माझा विश्वास होता म्हणून नव्हे. माझा त्या ढगावरही विश्वास नव्हता.

फटीशी धरलेला धूर बारीक असावा लागतो. हिशाम यांच्या हातातला धूर लग्नातल्या स्टेजवर सोडतात तसा होता. तो दारावर आपटत होता, गरम असल्यामुळे वर चढत होता आणि कॉरिडॉरभर पसरत होता. त्यातला थोडा फटीतून आत जातही असेल, पण तो ढगामागे कोणाला दिसणार? सप्लायरने पेनवर मोठा टँक बसवून दिला होता. बॉक्समध्ये आणखी दोन होते. आजवर ते कोणी उघडले नव्हते.

तपासायला अशी जागा हवी होती जिथलं उत्तर आधीच ठाऊक आहे. ऑफिसात ती एकच होती. टॉयलेट. एक्झॉस्ट फॅन चालू केला की हवा दाराखालून आत ओढली जाते. फॅन बंद केला की थांबते. यात शंकेला जागा नाही.

मी दार लावून घेतलं आणि बाहेर जमिनीवर बसले.

मोठ्या टँकने पहिल्याच फटक्यात खोटं सांगितलं. फॅन जोरात चालू होता आणि ढग माझ्या तोंडावर येत होता. हँडलवरचे वॅट कमी केले तर तो गुरगुरला, थुंकला आणि खालून गळू लागला. त्याची कॉइल जाड. तिला तापायला भरपूर वॅट लागतात. कमी दिले की द्रवाची वाफ होत नाही, तो नुसता आत साठतो आणि मग मिळेल त्या भोकातून बाहेर येतो. शिवाय हवा कमीजास्त करायला त्यावर दोन रिंगा होत्या. हात लागला की फिरत. मोजमापाच्या वस्तूवर आपोआप फिरणारं काही असू नये.

दुसरा टँक हौशी लोकांचा. त्यात तार स्वतः गुंडाळायची, द्रव शोषणारा कापूसही स्वतः भरायचा. मी दोनदा भरला. पहिल्यांदा धूर दाट आला, दुसऱ्यांदा जळका वास. दर वेळी वेगळी साक्ष देणारा साक्षीदार. तोही बाजूला ठेवला.

"मॅडम, और कितना टाइम?" ड्रायव्हर मागे येऊन उभा होता. त्याच्यामागे स्टोअरचे दोघे.

"पाच मिनट."

"अंदर कौन है?"

"कोई नहीं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बंद टॉयलेटसमोर जमिनीवर बसून धूर सोडणाऱ्या बाईला पुढे काय विचारावं, हे त्यांना सुचलं नसावं.

तिसरा टँक बोटाएवढा. साधी काच, आत तयार बंद कॉइल, हवेला एकच ठरलेलं भोक, द्रव वरून भरायचा. फिरवायला काहीच नाही. कॉइलची तार बारीक, म्हणून अगदी कमी वॅटवर चालणारी. इतका साधा होता की मला त्याचाच जास्त संशय आला. मी तो भरून टिश्यूवर आडवा ठेवला आणि जेवायला गेले. परत आले तेव्हा टिश्यू कोरडा होता.

बटण दाबलं. धाग्याएवढी रेघ निघाली, जवळजवळ थंड. फटीशी धरली तशी ती वाकली आणि दाराखाली गेली. ड्रायव्हरला फॅन बंद करायला सांगितलं. रेघ जागच्या जागी लोंबकळली, मग सावकाश वर गेली. पुन्हा चालू, पुन्हा आत. बटण सलग दाबलं की कापूस कोरडा पडून जळका वास येई. मध्ये थोडं थांबलं की प्रत्येक वेळी तीच रेघ.

तेवढ्यात देशमुख सर आले. "काय चाललंय हे?"

"साक्षीदार निवडतेय."

"लवकर निवडा. लोकांना आत जायचंय."

ठरल्या दिवशी हिशाम यांनी छोटा टँक उलटसुलट करून पाहिला. "परवाच्या धुराने तुम्हाला नापास केलं. आज तुम्ही पास करणारा धूर आणला."

शंका रास्त होती. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं.

"तुम्हीच तपासा," मी म्हणाले. "क्लिनिकच्या टॉयलेटचा फॅन पॅनेलवरून चालू-बंद होतो. पॅनेल कॉरिडॉरच्या टोकाला आहे. तुम्ही तिथे थांबा, हवं ते करा. मी इथून फक्त धूर बघून सांगते."

त्यांनी तेच केलं. वर हॉलमध्ये ड्रिल चालू होतं, फॅनचा आवाज ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. मी ओरडून सांगत गेले. चालू. बंद. चालू. चालू. त्यांनी मला फसवायला एकदा काहीच केलं नव्हतं. मग ते आले, पेन घेतला आणि मला पॅनेलकडे पाठवलं. त्यांचीही सगळी उत्तरं बरोबर आली. शेवटी त्यांनी मोठा टँक लावायला सांगितला. त्यावर त्यांना एकही सांगता आलं नाही.

"तय्यब," ते म्हणाले. म्हणजे ठीक आहे.

पहिल्या खोलीशी ते स्वतः गुडघ्यांवर बसले. रेघ वाकली आणि आत गेली. मीटर लावला, उणे आठ. दुसरी खोली, रेघ आत, उणे आठ. हिशाम यांनी संपतकडे पाहिलं आणि मोडक्या हिंदीत म्हणाले, "अच्छा काम."

संपत हसला नाही. मला तेव्हाच काहीतरी खटकलं.

तिसऱ्या खोलीशी रेघ वाकली नाही. सरळ उभी राहिली आणि दाराच्या कडेने वर गेली. हिशाम यांनी थोडं थांबून पुन्हा बटण दाबलं. तेच. मीटरवर शून्याच्या आसपास काटा.

 मग संपत मराठीत म्हणाला, फक्त मला.

"ही मोजली न्हाई, मॅडम."

"का?"

"बंद होती. मेडिकल गॅसवाले चावी घेऊन गेल्ते. आठवडाभर माग काढला, चावी गावंना. रिपोर्ट द्यायचा दिस उजाडला. दोन आठ आल्ते, तिसरी बी आठच येणार असं वाटलं."

"परवा गाडीत मी तुला दोनदा विचारलं."

"व्हय."

"तेव्हा सांगितलं असतंस तर आज सकाळी आधी येऊन मोजली असती."

"तवा तुम्ही बी विश्वास ठिवला नसता. दोन खऱ्या हायत, हे कोणी ऐकलं असतं?"

हिशाम वाट पाहत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. न सांगणं शक्य होतं. डॅम्पर कोणीतरी नंतर फिरवला असं म्हणता आलं असतं आणि साइटवर ते रोज घडतं. पण दोन दिवस मी ज्या टँकची बाजू घेत होते, त्याने नुकतंच काय दाखवलं ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

"दोन खऱ्या, एक खोटी," हिशाम म्हणाले. "अशा माणसाचं काय करायचं?"

"आत्ता ही खोली त्याच्याकडून करून घ्या. तुमच्यासमोर."

त्यांनी मान हलवली. संपत शिडी लावून छतात शिरला. एक्झॉस्टचा डॅम्पर बसवला तेव्हापासून पूर्ण बंद होता. त्याने तो उघडला, थोडा फिरवला, उतरून मीटर पाहिला, पुन्हा चढला. हिशाम खाली धूर धरून बसले. रेघ आधी हलली, मग कलली, मग आत गेली. आकडा आठवर थांबला नाही. सात आणि आठच्या मध्ये राहिला.

"असाच लिहा," हिशाम म्हणाले. "हा आकडा मला पटतो."

त्यांनी कंपनीला लेखी कळवलं नाही. पण देशमुख सरांना फोनवर सगळं सांगितलं. संपतचा गेटपास राहिला, व्हिसाही राहिला. मीटर मात्र त्याच्याकडून काढून घेतला. त्यानंतर तो डॅम्पर फिरवायचा आणि आकडा दुसरा कोणी वाचायचा. कॉन्ट्रॅक्ट संपलं तेव्हा त्याने स्वतःहून वाढवून मागितलं नाही.

मोठा टँक मी कपाटात बंद केला. छोट्यासारखे आणखी मागवले. तेव्हापासून नवा पेन आला की तो आधी ऑफिसच्या टॉयलेटच्या दाराशी धरायचा, असा आमचा नियम आहे. टेक्निशियनसाठी अशी काही सोय नाही. त्यांच्या प्रत्येक खोलीशी स्वतः जाऊन बसावं लागतं.