गोधडीचा काठ वीस इंच कमी पडला

मैत्रिणींनो, आज माझ्या हातून फार वाईट झालं.

गेल्या वर्षी माझा भाऊ गेला. त्याच्या शर्टांची गोधडी मी भाचीसाठी शिवतेय. काठासाठी त्याचा शेवटचा निळा शर्ट वहिनी आज फुलंब्रीहून घेऊन आली. वर्षभर तिनं तो न धुता जपला होता.

चारी बाजू मिळून दोनशे इंच. मी दहा-दहा इंचांच्या वीस पट्ट्या कापल्या आणि जोडायला बसले. प्रत्येक जोडाला इंचभर कापड शिलाईत जातं, ती माया धरायचीच विसरले. तीस वर्षं शिवणकाम करतेय मी! काठ वीस इंच कमी पडला.

शर्टाची फक्त कॉलर उरली होती. मी तिला कात्री लावणार, तेवढ्यात वहिनीनं माझा हात धरला.

"नगं ताई. हिला अजून त्यांचा वास येतोय."

कॉलर पदरात गुंडाळून ती बस पकडायला गेली. मला रागावली असती तर बरं झालं असतं.

भाची रविवारी येतेय. गुलमंडीवर तसलंच निळं कापड मिळेल, पण ते त्याचं नसेल.

तुम्ही जोडलं असतं का?