आपांनी शिकवलेला फवारा

कुणाला काम शिकवताना आपा त्याच्याकडे पाठ करून बसत. "कोणी बघत बसलं की हात थरथरतो," असे त्यांचे म्हणणे. संसारासाठी घेतलेल्या दीर्घ खंडानंतर, चाळिशी उलटल्यावर मी कतारमधल्या दोहा शहरातल्या एका प्रयोगशाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर रुजू झाले, तेव्हा त्या पाठमोऱ्या आकृतीचा मला फार आधार वाटला. माणसांसमोर बोलणे मी शक्यतो टाळत असे.

आपा मूळच्या रत्नागिरीच्या, आमच्या गटाच्या प्रमुख संशोधक; सगळे त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणत. हायड्रोजनपासून थेट वीज देणारे, नाण्याएवढ्या सिरॅमिक चकतीचे इंधनघट आम्ही बनवत असू. तापवलेल्या चकतीवर निकेल ऑक्साइड आणि झिर्कोनिया या भुकट्यांचे पातळ मिश्रण फवारायचे आणि ती भट्टीत भाजायची. तो थर म्हणजे घटाचा ॲनोड. वायू आत शिरावा म्हणून तो सच्छिद्र हवा.

मी मात्र फवाऱ्याचे एकावर एक हात देऊन तो आरशासारखा गुळगुळीत करी. वीज जेमतेम निघे, आणि माझ्या नेमणुकीची मुदत वाढणे तर या घटांवरच अवलंबून होते.

आपांनी एक चकती उजेडात तिरकी धरली. "काय गो, अंगण सारवतेस? हायड्रोजननं आत शिरायचं कुठनं?"

"पण खडबडीत दिसतं, आपा."

"दिसू दे. पाहुणे बसवायचेत काय त्याच्यावर? फवारा जरा लांबून मार, थेंब वाटेतच थोडा सुकू दे. आणि खलास म्हणजे खलास. पुन्हा हात फिरवायचा नाही."

पुढचा थर रवाळ उतरला. त्या घटाने भरपूर वीज दिली.

बैठकीत विभागप्रमुखांनी आपांना त्याचे कारण विचारले. संत्रे सोलता सोलता आपा म्हणाल्या, "फवारा हिचा आहे. हिलाच विचारा." मी याचनेने त्यांच्याकडे पाहिले, त्या संत्र्याच्या शिरा काढण्यात गर्क होत्या. अखेर मी उभी राहिले. जे केले ते आणि का केले ते, सारे सांगितले. नेमणूक वाढली. बाहेर आल्यावर आपांनी माझ्या हातावर संत्र्याची फोड ठेवली. "एवढं बोलतेस होय! मला वाटलं, मुकी बाई ठेवलीय."

काही वर्षांनी आपा आईच्या आजारपणामुळे कायमच्या गावी निघाल्या. अल हिलाल भागातल्या त्यांच्या घरापासून विमानतळापर्यंत मी आभाराची वाक्ये मनात जुळवत गेले.

"आपा, मला तुम्हाला..."

"अगं, भट्टी कुणावर सोपवून आलीस? यल्ला, जा. बाकीचं फोनवर बोलू, इन्शाल्ला."

फोन पुष्कळ झाले. आपा थरांची चौकशी करत आणि मी तासन्‌तास बोलत राही. आभार मात्र दर वेळी राहून गेले.