मागच्या बाजूचा समुद्र

उस्मानपुऱ्यात एका रिटायर सरांच्या हॉलमधी मी बसवलेली फरशी उन्हाळ्यात भर दुपारी उठून बसली. फाटकन आवाज झाला आन् मधल्या दोन फरश्या एकमेकीला टेकून खोपटावाणी उभ्या राहिल्या. सरांच्या बायकोला वाटलं सिलिंडर फुटलं. त्या तशाच अनवाणी जिन्यावर. सरांनी मला फोन लावला आन् शांतपणानं म्हणले, "मिस्त्री, तुमची फरशी तुम्हाला बोलावून राहिली."

मी फरशीला फरशी घट्ट भिडवून बसवली व्हती. मधी फट ठेवायची असती, ते मला ठाऊक व्हतं. पण फट दिसली की मालक म्हणतो मिस्त्री कच्चा. मला पक्का दिसायचं व्हतं. उन्हानं फरशी फुगली, तिला सरकायला जागा नव्हती, मग ती वर आली. मी तरी अकलेला कुठं सरकायला जागा देतो.

सर मुसलमान, जिंदगीभर भूगोल शिकवलेले. मराठी माझ्यापेक्षा चांगली बोलायचे, राग आला की दखनी. मला वाटलं आता दखनी सुरू व्हती. पण ते खाली बसले, फुटलेले दोन तुकडे हातात घेतले आन् म्हणले, "तुमची पोरगी जपानात हाय ना? बैठो. तिच्या मुलखात हेच चाललंय."

पोरगी म्हंजी मला एवढी एकच. तिनं नर्सिंगचा कोर्स केला, मग औरंगपुऱ्यात जपानी भाषेच्या क्लासला जायला लागली. मी तिला गाडीवर सोडायचो आन् खाली पायरीवर बसून ऐकायचो. सहा महिन्यात तिला भाषा आली आन् मला पायरीवर नीट झोप यायला लागली. आता ती तिकडं म्हाताऱ्या माणसांच्या एका आश्रमात काम करती. त्यांना आंघोळ घालणं, खाऊ घालणं, फिरवून आणणं. गाव समुद्राच्या काठाला.

सरांनी एक तुकडा दुसऱ्याच्या खाली सरकवला. म्हणले, समुद्राच्या तळालाबी फरशी असती, लई मोठी, सगळी पृथ्वी तसल्याच फरश्यांनी झाकलेली हाय. एक फरशी दुसरीच्या खाली घुसती. खोल गेली की तिच्या वरचा दगड वितळतो, तो वर येतो, त्याचे डोंगर व्हतात, डोंगराची बेटं व्हतात. बेटांची ती रांग सरळ नसती, कमानीवाणी वाकडी असती. मी विचारलं, वाकडी काहून? माझी फरशी वाकडी गेली तर लोक शिव्या देतात. सरांनी नातवाचा प्लास्टिकचा चेंडू घेतला आन् अंगठ्यानं दाबला. खळगा पडला, खळग्याची कड गोल. "गोल वस्तूला वाकवलं की कड गोलच येती," ते म्हणले. "खालची फरशी अडकती, दाब साठतो, अन् सुटला की भूकंप."

हे ऐकून माझं तोंड उतरलं आसंल. मग मला पोरीचं बोलणं आठवलं. मी म्हणलं, "सर, पण फरशी घुसती त्या बाजूला माझी पोरगी नाय. ती बेटाच्या मागल्या अंगाला हाय. पुढचा समुद्र मोठा, मागचा लहान. मागचा म्हंजी आपल्या शेततळ्यावाणी."

सर काहीतरी सांगणार व्हते. मागचा समुद्र कसा झाला, जमीन फाटून बेट कसं लांब सरकलं, आसं काहीतरी सुरूबी केलं. पण मला जेवढं पायजे तेवढं मी ऐकलं व्हतं. मी म्हणलं, उद्या येतो सर फरशी बसवायला, आन् निघालो.

मिस्त्रीचा उद्या कसा असतो ते सगळ्यांना ठाऊक हाय. माझा उद्या थंडीत उजाडला.

त्या दिवशी मी सरांच्या हॉलमधी सगळी फरशी उखडून बसलो व्हतो. दुपारच्या आधीच पोरीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडं आपल्यापेक्षा घड्याळ पुढं, तिची दुपार कलली व्हती. सुट्टी व्हती, खोलीवर बसून भात खात व्हती. खिडकीतून बर्फ दाखवला. म्हणली, "आबा, स्वेटर घातलंय का? नाकातून पाणी येतंय तुमच्या."

"सिमेंटच्या धुळीचं हाय," मी म्हणलं. "हे पाणी पक्कं असतं."

ती हसली आन् हसता हसता थांबली. "थांबा आबा," म्हणली. "हलतंय."

फोन पडला आसंल. मला छत दिसलं आन् त्यावरचा दिवा पाळण्यावाणी झुलताना दिसला. कपाट पडल्याचा आवाज आला. मी फोन तोंडाशी धरून वरडलो, "बाहेर पळ बाई. माळावर पळ. माळावर जा, माळावर." मग पडदा काळा झाला.

माळावर काहून म्हणलं ते सांगायला पायजे. आमचं घराणं मेंढरावालं. मी जवान व्हतो तव्हा मराठवाड्यात पहाटं भूकंप झाला. आमच्या गावात नुसती भांडी वाजली, दक्षिणेकडं मात्र गावंच्या गावं दगडमातीच्या भिंतींखाली गेली. बाप वरडला, माळावर पळा. माळ म्हंजी मोकळं रान, वर छप्पर नाय, बाजूला भिंत नाय. सगळं गाव कित्येक दिवस माळावर झोपलं. मी तव्हा काखेत एक कोकरू घेऊन सगळ्यात आधी पळालो आन् आईला घरात इसरलो. आई मरंपर्यंत पाव्हण्यारावळ्यांना सांगायची, याला कोकरू दिसलं, मी नाय दिसले. तर आमच्या घरात भूकंप म्हंजी माळ. पोरीनं हे लहानपणापासून ऐकलेलं.

फोन परत लावला, लागंना. सर आतून आले. त्यांनी सगळं ऐकलं व्हतं. त्यांनी विचारलं, "तुम्ही काय सांगितलं तिला?"

"मोकळ्यात जा म्हणलं."

"तिच्या खोलीजवळ मोकळं काय हाय?"

मला ती जागा ठाऊक व्हती. तिनं किती डाव फोनवर दाखवली व्हती. एका अंगाला घरं, मागं डोंगर, आन् समोर लांबच लांब सपाट वाळू. मी म्हणलं, "समुद्राचा काठ."

सर हळूच म्हणले, "मिस्त्री, काठाच्या गावात भूकंपानंतर काठावर नसतं जायचं. पाणी येतं."

"ते पुढच्या समुद्रात ना सर. ही तर मागल्या."

"मागच्यातबी येतं. त्या दिवशी तेच सांगत व्हतो तुम्हाला. तो समुद्र जमीन फाटून झाला, आता ती फाटलेली जागा परत दाबली जातीय. तिथल्या भेगा किनाऱ्याला चिटकूनच असतात. पुढचं पाणी यायला वेळ लागतो. मागचं लगेच येतं."

मी उखडलेल्या फरशीवर बसलो. पोरीला भिंतीखालून काढून मीच पाण्यात धाडलं व्हतं. ज्या मुलखात टँकर आल्याशिवाय पाणी दिसत नाय, तिथल्या बापाला पाणी अंगावर येतं हे कसं सुचावं. पण हे आता सुचतंय. तव्हा काहीच सुचत नव्हतं.

सरांनी टीव्ही लावला. टीव्हीवर आपलंच काहीतरी भांडण चाललेलं. खालून एक पट्टी सरकत व्हती, सर ती वाचून सांगत व्हते. जपान, भूकंप, मागल्या समुद्राचा किनारा, लाटेचा इशारा. सरांच्या बायकोनं चहा आणून ठेवला. मग कोपऱ्यात जानमाज अंथरली. नमाजाची वेळ व्हती का नव्हती मला ठाऊक नाय. लई वेळ त्या हात पसरून बसल्या व्हत्या.

तेवढ्यात माझ्या बायकोचा फोन. ती शेंद्र्याला एका कंपनीच्या कॅन्टीनमधी पोळ्या लाटती. तिथं कुणीतरी मोबाईलवर बघितलं व्हतं.

"पोरीचा फोन लागंना. तुमचं बोलणं झालं का?"

"झालं," मी म्हणलं.

"काय म्हणली?"

"स्वेटर घाला म्हणली."

ती म्हणली, "मग बरी हाय."

"व्हय." मी फोन ठेवला. जिंदगीत एवढं खरं बोलून एवढं खोटं मी कव्हा बोललो नाय.

मग मी काय केलं, तर काम केलं. हाताला दुसरं काही येत नाय. सिमेंटचा माल कालवला, फरशी ठेवली, हातोडीच्या दांड्यानं ठोकून बघितली. पोकळ आवाज आला. उचलली, परत ठेवली, परत पोकळ. सर म्हणले, "राहू द्या मिस्त्री." मी म्हणलं, "नाय सर, खाली काहीतरी राहिलंय." राहिलं काहीच नव्हतं. पोकळ मलाच ऐकू येत व्हतं.

ऊन भिंतीवरून खाली उतरलं तव्हा मोबाईल वाजला. अनोळखी नंबर, चिठ्ठीएवढा मेसेज. मला अक्षर जुळवायला वेळ लागतो, त्या दिवशी तर जुळतच नव्हतं. मोबाईल सरांकडं दिला. सरांनी मोठ्यानं वाचलं, "आबा, मी वर आहे."

आमच्याकडं वर गेलेलं माणूस मेसेज करत नाय. मी सरांचा हात धरला. "वर म्हंजी? सर, वर म्हंजी कुठं?"

सर पुढचं मनातच वाचत व्हते. शेवटी त्यांच्या बायकोनं मोबाईल घेतला आन् वाचला. "आबा, मी वर आहे, डोंगरावरच्या शाळेत. सगळे सोबत आहेत. आईला सांगा. फोन सोबतच्या मुलीचा आहे."

सर खाली बसले, माझ्या ओल्या मालात. नव्या पायजम्यासकट.

दोन दिवसांनी तिचा फोन लागला. मी बायकोला शेजारी बसवलं व्हतं आन् काय बोलायचं ते ठरवलं व्हतं. पयलं वाक्य माझंच. "बाई, आता परत ये."

तिनं काय झालं ते सांगितलं. हलत व्हतं तव्हा ती बाहेर पळालीच नाय, टेबलाखाली बसली. मग भोंगा वाजला. ती आश्रमात पळाली. म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्चीवर बसवून डोंगराच्या रस्त्यानं ढकलत न्यायचं व्हतं, पण रस्त्याला भेग पडलेली, बर्फ साचलेलं. एका आजीची खुर्ची अडकली. हिनं तिला पाठीवर घेतलं. वरून पाणी दिसलं म्हणली, काळं, बंदराच्या रस्त्यावर आलं, वाळू कुठं दिसली नाय.

मी विचारलं, "मी वरडलो ते ऐकू आलं व्हतं का?"

"आलं व्हतं."

"मग म्हणून वर गेलीस?" मला तेवढं तरी पायजे व्हतं.

"नाय आबा. इथं कोपऱ्याकोपऱ्यावर बाणाच्या पाट्या हायेत, वर जायच्या. दर महिन्याला आमची पळायची तालीम व्हती." मग म्हणली, "पण आजी पाठीवर विचारत व्हती, कुठं नेतीस, कुठं नेतीस. मला तव्हा जपानी शब्दच आठवंना. मी म्हणलं, माळावर. पूर्ण चढभर तेवढंच म्हणत व्हते. माळावर, आजी, माळावर."

बायकोनं तोंडाला पदर लावला.

पोरीनं फोन फिरवला. शाळेच्या जमिनीवर गाद्या, माणसं पांघरुणात. एक एवढीशी म्हातारी पोरीच्या कोपराला धरून बसलेली. तिकडं अजून बारीक बारीक हादरे येत व्हते. आम्ही बघत व्हतो तव्हाच एक आला. भिंतीवरचं काहीतरी वाजलं. म्हातारीनं पोरीचा हात आवळला, छताकडं बोट केलं आन् म्हणली, "मारावारु."

"त्यांना ळ येत नाय," पोरगी म्हणली. "तिच्या लेखी माळावर म्हंजी वर. हादरा आला की म्हणती. मी सोबत नसले तर जेवत नाय, आबा."

ठरवलेलं वाक्य मी परत म्हणलं नाय. बायकोकडं बघितलं, तिनंबी मान हलवली, नको म्हणून. मी त्या म्हातारीला हात जोडले. मग तिच्या बोटावाणं माझं बोट वर केलं आन् सावकाश म्हणलं, "माळावर." तिनं ऐकलं, ओठ हलवले, परत चुकलं. मी परत म्हणलं. रेंज व्हती तवर आम्ही दोघं तेच म्हणत बसलो व्हतो.